काळ्या नदीतील मासा

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन या प्रचंड नदीला ब्राझील देशात रिओ निग्रो नावाची नदी येऊन मिळते. रिओ निग्रो म्हणजे काळी नदी. हे नाव तिला यथार्थ शोभते. तीरावरील अरण्यातील असंख्य वृक्षांचा पालापाचोळा तिच्या पाण्यात कुजतो आणि त्याचा अर्क उतरून पाण्याला बिनदुधाच्या चहासारखा रंग येतो. हे पाणी आम्ल असून त्यात क्षार जवळजवळ नसतातच. अशा निःसत्त्व पाण्यात काय जगणार, असे कोणासही वाटेल. परंतु माशांच्या शेकडो जाती तेथे नांदत आहेत.

त्यांपैकी कार्डिनल टेट्रा हा चिमुकला मासा जगभर प्रसिद्धीस आला आहे. त्याची लांबी अवघी ३ ते ४ सेंटीमीटर असते. डोळ्यापासून शेपटीकडे झगझगीत निळा पट्टा जातो व त्याच्या खाली तितकाच लांब तांबडाभडक पट्टा असतो. रोमन कॅथॉलिक पंथातील कार्डिनल या धर्माधिकाऱ्यांच्या लाल वस्त्रांवरून त्याला हे नाव पडले. १९५६ साली शास्त्रज्ञांच्या दोन लेखांत या माशाला दोन निरनिराळी शास्त्रीय नावे देण्यात आली. दोन्ही लेख एका दिवसाच्या अंतराने प्रसिद्ध झाले होते. जो आधी निघाला, त्यातील नाव कायम झाले!

नवल असे, की त्याचा निळा रंग हा खरोखरी रंगच नव्हे. त्याच्या त्वचेतील पेशींत पारदर्शक स्फटिकांच्या अतिसूक्ष्म चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांवर पडलेला प्रकाश निळा होऊन परततो. रात्री मासे विसावले, की ही झळाळी मंदावते.

एकटा कार्डिनल नेहमी बावरलेला असतो. त्याला ना काटा, ना विष, ना वेग. त्याला टिपणारे मोठे मासे मात्र सभोवार असतात. म्हणून तो थव्याने राहतो. शेकडो निळ्या रेषा एकदम वळल्या, की शत्रूची नजर एकावर ठरत नाही. बुडालेली पाने व मुळे यांच्या आसऱ्याने हा थवा पाण्यातील बारीक कीटक टिपत फिरतो.

दरवर्षी ही नदी फुगते. मानाउस शहरापाशी पाण्याची पातळी सुमारे १० मीटर चढते व उतरते. पूर आला, की काठचे अरण्य कित्येक महिने पाण्याखाली जाते आणि जेथे एरवी पक्षी बसतात, त्या फांद्यांतून मासे पोहू लागतात. कार्डिनलच्या विणीचा हाच काळ. मादी अंडी विखरून टाकते; पुढे आईबाप त्यांच्याकडे फिरकतही नाहीत. पाणी ओसरताना असंख्य मासे डबक्यांत अडकतात व डबकी आटली म्हणजे मरतात. बहुतेकांचे आयुष्य वर्षभराचेच असते.

या माशांवर बार्सेलोस या गावच्या परिसरातील अनेक कुटुंबांनी पोट भरले. तेथे लहान माशांना पियाबा म्हणतात व ते पकडणाऱ्यांना पियाबेइरो. पियाबेइरो लहानशा होडीतून अरण्यातील ओढ्यात शिरतो, वल्ह्याने थव्याला हळूच वळवतो व हातातील जाळ्यात घेतो. मासा जिवंत आणि धडधाकट राहिला तरच त्याला मोल. म्हणून हे काम फार हलक्या हाताने करावे लागते. नंतर बोटीने मानाउसला नेलेले हे मासे तेथून दूरदेशीच्या काचपेट्यांत पोहोचतात.

हा मासा पालापाचोळ्यावाचून जगत नाही, आणि पालापाचोळा झाडांवाचून पडत नाही. त्यामुळे झाडे राखण्यातच पियाबेइरोचे हित होते. पुढे अन्य देशांत हे मासे तळ्यांत व टाक्यांत पैदा करण्याची युक्ती साधली आणि रिओ निग्रोच्या माशांची मागणी घटली. अनेक पियाबेइरोंनी जाळी ठेवून दिली. काही अद्याप त्याच ओढ्यांत होड्या घालतात. ज्यांचा धंदा बसला, त्यांनी पोटासाठी अरण्यातील झाडांकडे वळू नये, म्हणून नदीतून धरलेल्याच माशांना गिऱ्हाईक मिळवून देण्याची खटपट काही मत्स्यशास्त्रज्ञ करीत आहेत.