अजगर घरी आणण्याआधी

डिंडोली, सुरत

चि. निखिलेश यास,

तुझे पत्र पोहोचले. पुण्याहून येताना पिवळ्या रंगाच्या ब्रह्मी अजगराचे पिल्लू आणायचे, इथे सुरतेत आक्काच्या घरातल्या मागच्या खोलीत त्याची पेटी बसवायची, आणि पेटीचे माप व हीटरची जोडणी मी सांगायची, असे तू लिहिले आहेस. साप दिसला की काठी शोधणाऱ्या गल्लीत तू वाढलास आणि तरी तुला सापांची माया लागली, याचे मला फार समाधान आहे. विचारलेस ते सगळे सांगतो. मात्र आधी कायदा, मग माप, मग ऊब, या क्रमाने वाच.

भारतीय अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. तो घरात ठेवल्यास किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. ब्रह्मी अजगर ‘परदेशी’ म्हणून विकला जात असला तरी तो ईशान्य भारताच्या रानात राहणारा प्राणी आहे. विक्रेत्याने म्हटले म्हणून तो परदेशी होत नाही. आफ्रिकेतला बॉल पायथन खरोखरच बाहेरचा; पण याच कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांमुळे त्याचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या माणसाकडून जिवंत प्राणी घ्यायचा नसतो. तुझा विक्रेता नेमके तेच म्हणाला आहे.

आता माप. तुला दाखवलेले पिल्लू दोन फुटांचे आहे. पोटभर खायला मिळाले तर तीन-चार वर्षांत ते दहा फुटांच्या पुढे जाते. पुरी वाढलेली मादी बारा ते सोळा फूट भरते आणि वजनाने धट्ट्याकट्ट्या माणसाएवढी होते. साप वेटोळे करून बसतो, त्याला निम्म्या लांबीची पेटी पुरते, असे पूर्वी पाळणारे म्हणत. ते खरे नाही. मोकळीक मिळाली की साप सरळ पसरतोही, आणि तशी जागा नसली तर त्याचे अंग आखडलेलेच राहते. म्हणूनच क्लिफर्ड वॉर्विक या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 2019 मध्ये आग्रहाने मांडले की पेटी निदान सापाच्या लांबीएवढी हवी. रुंदी लांबीच्या निम्मी धर. चौदा फुटांच्या अजगराला मग चौदा बाय सात फूट लागतात. आक्काची मागची खोली दहा बाय दहाची आहे, हे तुला माहीत आहे. शिवाय अंग पूर्ण बुडेल एवढे पाण्याचे टाके, लपायला दोन जागा, बाहेरून कुलूप, आणि दार उघडताना दरवेळी दोन मोठी माणसे. तू पुण्यात असताना दुसरे माणूस कोण, आक्का?

ऊब हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. अजगर आपल्यासारखा आतून उष्णता तयार करत नाही. अपवाद एकच: अंडी उबवणारी मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालते, स्नायू आकसत-सोडत राहते आणि भोवतालापेक्षा काही अंश जास्त ऊब टिकवते. एरवी त्याला जागा बदलूनच आपले तापमान राखावे लागते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात थंडीत अजगर बिळाच्या तोंडाशी उन्हाला येतात आणि पुन्हा आत सरकतात. कित्येकदा त्याच बिळात साळिंदरही राहत असते. पेटीत हीच निवड त्याला मिळाली पाहिजे. एका टोकाला 31 ते 33 अंश, दुसऱ्या टोकाला 24 ते 26. सगळी पेटी सारखी गरम केली तर ती त्याच्यासाठी भट्टी होते. सगळीच गार राहिली तर गिळलेले पचत नाही, तो ते उलटून टाकतो आणि छातीचा विकार जडतो.

हीटर वरून लावायचा, आणि तो सापाचे अंग लागणार नाही अशा जाळीत हवा. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, अंधारात उंदीर कुठे आहे ते त्याला कळते. तरी तापलेल्या बल्बला किंवा दगडाला चिकटून तो भाजून निघतो आणि हलत नाही. म्हणून थर्मोस्टॅटशिवाय कोणताही हीटर चालू करायचा नाही. सेन्सर उबदार टोकाला, सापाच्या अंगाच्या उंचीवर हवा; दोन्ही टोकांना वेगळे थर्मामीटर, आणि वायरिंग पेटीच्या बाहेर. आमच्या मिलमध्ये रंगाईच्या जेट मशीनवर पॉलिएस्टर 130 अंशांवर रंगते. कंट्रोलर चुकला तर तागा बिघडतो, पण तो पुन्हा रंगवता येतो. इथे ती सोय नाही.

आणि आपल्या सुरतेत अडचण थंडीपेक्षा उन्हाळ्याचीच मोठी. जानेवारीत पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास येतो, तेवढे हीटर सांभाळून घेईल. पण एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालची ती खोली दुपारी काय तापते, हे तू भोगलेले आहेस. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोलीपेक्षा पेटी गार करू शकत नाही. म्हणजे एसी हवा, आणि लाइट गेल्यावर तो चालवणारी सोयही.

हे सारे किती वर्षे? अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 मध्ये आलेल्या एका बॉल पायथनने 2020 मध्ये अंडी घातली. ब्रह्मी अजगरही वीस वर्षे सहज काढतो. तोवर तुझी नोकरी, लग्न, शहर सगळे बदललेले असेल. जमेना म्हणून लोक मग गुपचूप सोडून देतात. फ्लोरिडात नेमके असेच सुटलेले ब्रह्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले; ज्या भागांत ते सर्वांत आधी रुजले, तिथे रकून आणि ऑपोसमसारखे प्राणी दिसेनासे झाले. 2012 मध्ये अमेरिकेने त्यांची आयातच बंद केली. इथल्या खाडीकाठी तसे कोणी करू नये असे मला वाटते, आणि ते करणारा माझा भाचा तर मुळीच नसावा.

अजगर ओळखायचा असेल तर तू त्यासाठी योग्य शहरात आहेस. नीलिमकुमार खैरे यांनी 1980 मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत 72 विषारी सापांबरोबर 72 तास काढले, विनाकारण साप चावत नाही हे लोकांना पटावे म्हणून. त्यांच्याच ध्यासातून 1986 मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. तिथे जा. तिथल्या माणसांना विचारून पिंजरे साफ करायला, तापमानाच्या नोंदी ठेवायला मिळते का बघ. वर्षभर तेवढे केलेस तर पेटीतला अजगर शिकवेल त्यापेक्षा जास्त शिकशील.

पुढे कधी कागदपत्रांसह बॉल पायथन घ्यायचा ठरला, तर पाच फूट लांब, अडीच फूट रुंद पेटीची चौकट आणि वायरिंग मी स्वतः करून देईन. हा शब्द आहे. सध्या मात्र त्या विक्रेत्याला आजच नकार कळव, आणि दिलेला आगाऊ पैसा परत आला नाही तरी त्याचा विचार करू नकोस.

तुझा,
मामा