सीडीवर नाव लिहावं, पण कुठे आणि कशाने?

प्रश्न : आमचं गाव वेल्ह्याजवळ, तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या भावाने आजीच्या आणि शेजारच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून सीडी-डीव्हीडीवर उतरवल्या. त्यांवर काहीच लिहिलेलं नाही. मार्करने लिहिलं तर सीडी खराब होते म्हणतात. मग स्टिकर लावू का?

उत्तर : स्टिकर मुळीच लावू नका. मार्कर चालेल, पण कोणता आणि कुठे हे पाहावं लागेल.

सीडीची खालची चकचकीत बाजू आपण जपतो आणि वरची भक्कम समजतो. प्रत्यक्षात उलटं आहे. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि ती जवळजवळ सगळी खालच्या पारदर्शक प्लास्टिकची. त्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीसारखा परावर्तक थर आणि सर्वांत वर केसाहूनही पातळ लाखेचा थर. खालचा ओरखडा पॉलिश करून कधी कधी निघतो. वरून चरा गेला की नोंद कायमची गेली. एखादी जुनी सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तिथला परावर्तक थर उडालेला आहे. म्हणून बॉलपेन आणि पेन्सिल वर्ज्य. उग्र वासाच्या मार्करमधली द्रावणं लाखेत मुरू शकतात, तेही टाळा. डीव्हीडीत दोन पातळ चकत्यांच्या मध्ये नोंद असते, त्यामुळे तिला शाईचा धोका कमी. पण स्टिकरने तीही वाकते आणि फिरताना तोल जातो. आधीच कुठे स्टिकर असेल तर तो उपटू नका, थर सोबत निघून येईल. आधी कॉपी करून घ्या.

पाण्याची शाई असलेला, मऊ टोकाचा सीडी मार्कर घ्या. मधल्या भोकाभोवती पारदर्शक कडं असतं, तिथे काहीच नोंदलेलं नसतं. त्यावर फक्त क्रमांक घाला : १, २, ३. बाकी सगळं वहीत.

पावसाचंही बघायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे चकत्यांसाठी हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के असावी. भोर-वेल्ह्याच्या आषाढ-श्रावणात हे अशक्यच. बेलीझ या दमट देशात तर बुरशीने सीडीचे थर खाल्ल्याचं २००१ मध्ये नोंदलं गेलं आहे. तेव्हा कागदी पाकिटं काढून टाका. कडक प्लास्टिकच्या डब्यांत चकत्या उभ्या ठेवा, ते डबे घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पेटी ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, अंधारात असू द्या. ऊनही रंगद्रव्याला मारक असतं.

पण एवढी काळजी घेऊनही वीस वर्षांच्या सीडीवर विसंबू नका. ड्राइव्ह असलेले संगणकही आता कमी झाले आहेत. सगळ्या फाइल हार्ड डिस्कवर उतरवा आणि दुसरी प्रत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवा.

वहीत काय लिहावं, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे ओवीसोबत ती गाणारीचं नाव आणि गाव आहे. त्यामुळेच आज कुणी नात आपल्या आजीची ओवी शोधू शकते. तुमच्या वहीतही क्रमांकापुढे गाणारीचं नाव, तिचं माहेर, सासर, साल आणि ओवीचे पहिले शब्द असू द्या.

त्या बायकांपैकी कुणी हयात असतील, तर आधी त्यांना बसवून रेकॉर्डिंग ऐकवा. कोणाचा आवाज कोणता, हे त्या लगेच सांगतील. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी करा. सीडीवर क्रमांक त्यानंतर घातले तरी चालतील.