वैशाखात टिकेल ती बाग

घरी ट्रॉपिकल बाग करायचं मनात असेल, तर रोपं बघायला आषाढात जाऊ नका, वैशाखात जा. पावसाळ्यात नर्सरीतलं प्रत्येक रोप देखणंच दिसतं. हेलिकोनिया, कॅलथिया, नेचे, अरेका पाम, सगळ्यांची पानं तकतकीत असतात आणि विकणारा सांगतो, ‘काही करावं लागत नाही, फक्त पाणी घाला.’ पुण्यात आमच्या घरामागच्या परसात एका लँडस्केपवाल्याने जुलैमध्ये अशीच बाग उभी करून दिली. गणपतीत आलेले पाहुणे मागच्या दारातून हलत नव्हते. होळीनंतर पानांच्या कडा करपू लागल्या आणि मे संपेपर्यंत निम्म्याहून जास्त रोपं गेली. सकाळ-संध्याकाळ पाणी चालू होतं, तरी गेली.

खरं तर सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्णकटिबंधातच आहे. ही बाग आपल्याला परकी नाही. पण मासिकांतल्या फोटोंत जी दिसते ती सिंगापूरसारख्या हवेतली असते. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बाराही महिने वाटून पडतो. पुण्याचा पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नंतर आठ महिने आभाळ कोरडं. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत रुंद, पातळ पान जितकं पाणी गमावतं तितकं मुळांना ओढून देता येत नाही. बुंध्याशी चिखल असला तरी पान वाळतं, ते यामुळे. रत्नागिरीच्या अंगणात आपोआप माजणारं झाड घाट चढून आलं की झुरतं, तेही यामुळेच.

दुसरं कारण मला मेलेला पाम उपटला तेव्हा दिसलं. आळ्यातली माती ओली होती, पण मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा विटेसारखा कोरडा ठणठणीत होता. खुरप्याने फोडावा लागला. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी पुष्कळशी रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमची असतात. तो सगळा पट्टाच रोपवाटिकांचा आहे. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून रोपं चिकण लाल मातीत घट्ट बांधलेली असतात. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण तो गोळा तसाच जमिनीत गेला, की वरून ओतलेलं पाणी त्याला वळसा घालून निघून जातं आणि मुळं बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत. म्हणून पिशवी फाडल्यावर गोळा बादलीभर पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा. बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा आणि मगच लावा. हे काम पावसाळ्यातच करावं, कारण तेव्हा रोप धक्का सोसतं.

आता मी दुसऱ्यांची बाग बघायला जाते तेव्हा आधी वर बघते. सावली कुठून येते? जंगलात नेचा आणि कॅलथिया झाडांच्या छपराखाली वाढतात, आणि आपण त्यांना पश्चिमेच्या भिंतीलगत, तापलेल्या फरशीशेजारी उभं करतो. आधी छप्पर तयार करा. त्यासाठी केळीइतकं झटपट काही नाही. जूनमध्ये लावलेला मुनवा पुढच्या उन्हाळ्यात चांगली सावली देतो आणि खाली ओलसर गारवा धरून ठेवतो. जागा मोठी असेल तर भेरली माड लावा. आपल्या सह्याद्रीतला हा पाम आहे, माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला. त्याच्या फळांनी अंगाला खाज सुटते, म्हणून तो वाटेवर नको. झाडं वाढेपर्यंत मार्च ते मे पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा.

खालच्या थरासाठी दूर जायची गरज नाही. कर्दळ, अळू, आंबेहळद, पेव, ओलाव्याच्या कोपऱ्यात सोनटक्का. यांची पानं हेलिकोनियाइतकीच भरदार असतात. पेव आणि आंबेहळद पावसानंतर वाळून जातात, कंद जमिनीत झोपतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा कोंब काढतो. मला हीच आपल्या हवेची खरी बाग वाटते. उन्हाळ्यात तिचा काही भाग उघडा पडणार, तो पडू द्या. त्या मातीवर पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घाला. पाणी कमी लागतं आणि गांडुळंही टिकतात. वाळलेली पानं झाडून जाळणाऱ्या माळ्याला पहिल्याच दिवशी थांबवा.

पाण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी किंवा शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा मोह होतो. त्यातले क्षार मातीत साठतात आणि कॅलथियासारख्यांच्या पानांची टोकं तपकिरी होतात. कर्दळ ते सोसते. नाजूक झाडांना साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी द्या.

मुलं असलेल्या घरांसाठी हे कळकळीने सांगते. आमच्याकडे डिफेनबाकिया जमिनीलगत लावला होता. भाचीच्या दीड वर्षाच्या मुलाने त्याचं पान चावलं आणि क्षणात किंचाळला. ओठ सुजले, लाळ थांबेना. तोंड पुसून काढलं, गार दूध पाजलं आणि थेट दवाखाना गाठला. संध्याकाळपर्यंत सूज उतरली, पण ते दोन-तीन तास भाचीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. कच्चं अळू घशाला खाजतं ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच या झाडात असतात. फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, मनीप्लँटमध्येही असतात. ही झाडं मुलांच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच ठेवा आणि छाटणी करताना हातमोजे घाला. कण्हेर, बिट्टी आणि कळलावी मात्र लहान मुलांच्या घरात नकोतच. कळलावीच्या कंदातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं.

डासांकडेही लक्ष हवं. कुंड्यांखालच्या ताटल्या, ब्रोमेलियाडच्या पानांमधल्या वाट्या, छोटं कमळकुंड, सगळीकडे साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. ताटल्या दर आठवड्याला घासून कोरड्या करा, नुसतं पाणी ओतून अंडी जात नाहीत. ब्रोमेलियाडची वाटी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, कुंडात गप्पी मासे सोडा. आणि कुंडातली जलपर्णी किंवा जास्तीचे गप्पी नदी-नाल्यात टाकू नका. जलपर्णी शोभेसाठीच जगभर नेली गेली, आणि आज आपल्या नद्यांवर तिचा गालिचा पसरलेला आहे.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी आधी इंजिनिअरला विचारावं. फूटभर खोल ओली माती दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरते. कुंड्या तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर ठेवा, कोकोपीट मिसळून माती हलकी करा, वड-पिंपळाच्या कुळातलं काहीही वर नेऊ नका.

सुरुवात मेमध्ये करा. ऊन कुठे किती वेळ पडतं ते दुपारी स्वतः उभं राहून बघा, खड्डे घ्या, शेणखत आणि पालापाचोळा भरून ठेवा. दोन-तीन चांगले पाऊस झाले की केळ, कर्दळ आणि कंद लावा. पहिल्या वर्षी एवढंच. कॅलथिया, नेचे घ्यायचेच असतील तर दुसऱ्या पावसाळ्यात घ्या, तोवर केळीची सावली जमिनीवर पडायला लागलेली असते.