कोरफडीचे पान

आपल्याकडील कोणत्याही जुन्या घराच्या परसात जा. तुळशीवृंदावनापासून थोड्या अंतरावर, कुंपणाच्या कडेला किंवा एखाद्या फुटक्या घमेल्यात कोरफडीचे बेट हटकून दृष्टीस पडेल. तिला कोणी अगत्याने पाणी घालीत नाही, की खत देत नाही. उन्हाळ्यात भोवतालचे गवत करपून जाते, तरी तिची जाड, काटेरी कडांची पाने हिरवीगार असतात. काही घरांत तर ती मुळांसकट उपटून दारावर टांगलेली असते आणि तेथेही मातीवाचून कित्येक महिने तग धरते.

माझी आजी या वनस्पतीला ‘दारचा वैद्य’ म्हणत असे. मी लहान असताना एकदा पेज गाळताना माझ्या थोरल्या बहिणीच्या मनगटावर कढत पेज सांडली. ती कळवळून ओरडली. आजी धावत आली. परंतु तिने प्रथम कोरफडीकडे धाव घेतली नाही. बहिणीला तिने रांजणापाशी नेले आणि तांब्यामागून तांब्या गार पाणी तिच्या हातावर ओतले. बऱ्याच वेळाने आग शमली, तेव्हा ती परसात गेली. कोरफडीचे एक पान कापून तिने ते स्वच्छ धुतले आणि कापलेले टोक खाली करून भिंतीशी उभे ठेवले. त्यातून पिवळसर रस ठिबकून गेला. मग तिने विळीवर त्या पानाचे काटे व साल काढली आणि आतला काचेसारखा पारदर्शक गर लाल झालेल्या कातडीवर ठेवला. आठवडाभरात मनगट पूर्ववत झाले. मागे डागही उरला नाही. आजीने प्रत्येक गोष्ट त्याच क्रमाने का केली, हे तिला विचारण्याइतकी समज मात्र मला तेव्हा नव्हती.

पुढे अनेक वर्षांनी, मी मुख्याध्यापक असताना, सातवीतला एक मुलगा लंगडत शाळेत आला. चार दिवसांपूर्वी त्याच्या तळपायात गंजका खिळा रुतला होता. त्याने तो उपटून काढला, वर कोरफडीचा गर ठेवला आणि चिंधीने पाय बांधून टाकला. मी ती चिंधी सोडून पाहिली, तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजलेला होता व अंगात ताप होता. आम्ही त्याला ताबडतोब रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला. आत माती आणि चपलेच्या तळव्याचा बारीक तुकडा निघाला. मुलगा तीन आठवडे अंथरुणावर होता. मी त्याला भेटावयास गेलो, तेव्हा त्याने मला विचारले, “सर, कोरफड औषधी आहे असे सगळेच म्हणतात. मग माझ्या पायाला ती का लागू पडली नाही?”

मुलाचा प्रश्न रास्त होता; परंतु त्या दिवशी मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. मी भाषेचा शिक्षक. वैद्यक हा माझा विषय नव्हे. म्हणून मी जाणकारांना विचारले, पुस्तके वाचली आणि जे समजले ते त्याला सांगितले. तेच आज तुम्हांला सांगत आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की जखम भरून काढते ते आपले शरीरच. कातडी फाटताच रक्तातील रक्तपट्टिका धावून येतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त गोठून वाहण्याची वाट बंद होते. नंतर पांढऱ्या पेशींची पाळी येते. त्या जखमेत शिरलेल्या जंतूंचा व मृत पेशींचा फडशा पाडतात. जखमेभोवती जी लाली, सूज व ऊब जाणवते, ती याच झटापटीची खूण होय. मग नव्या मांसाचा गुलाबी थर तयार होऊ लागतो आणि कडेच्या त्वचेच्या पेशी हळूहळू सरकत मध्यभागी येऊन जखमेवर नवे छत घालतात. शेवटी कित्येक महिने ही डागडुजी आतल्या आत चालू राहते व व्रण फिका पडत जातो. औषधाचे काम एवढेच, की या कारागिरांच्या वाटेतील अडथळे दूर करावेत आणि त्यांना कामास अनुकूल जागा करून द्यावी.

अशी जागा कोणती? जखम उघडी ठेवून सुकू द्यावी, अशी पूर्वी सर्वत्र समजूत होती. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जखमा त्याने उघड्या ठेवल्या, तर काहींवर पातळ पारदर्शक आवरण घातले. आवरणाखालच्या ओलसर जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. त्वचेच्या पेशींना सरकण्यासाठी ओलावा हवा असतो. कोरड्या, कडक खपलीखालून त्यांना मोठ्या कष्टाने वाट काढावी लागते.

आता कोरफडीचे पान आडवे कापून पाहा. त्यात तीन भाग स्पष्ट दिसतील. बाहेर हिरवी, चिवट साल असते. सालीच्या लगत आतून बारीक नलिका असतात. त्यांत पिवळा, अतिशय कडू रस असतो. हाच रस आटवून व वाळवून ‘काळाबोळ’ तयार करतात. तो तीव्र रेचक असून त्याने काहींच्या कातडीची आगही होते. या दोहोंच्या आत पारदर्शक गर असतो. या गरात शंभरात सुमारे नव्याण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या भागात लांबलचक साखळ्यांच्या शर्करा असतात. त्यांच्यामुळे गराला बुळबुळीतपणा येतो आणि पाणी धरून ठेवता येते. रखरखीत प्रदेशात जगण्यासाठी या वनस्पतीने भरून ठेवलेली ही पाण्याची कोठीच होय. तो गर भाजलेल्या कातडीवर ठेवला की गारवा मिळतो आणि ओलावा टिकतो. दाह कमी करणारे काही घटकही त्यात आहेत. पिवळा रस आधी निथळून जाऊ देण्यात आजीचे केवढे शहाणपण होते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

कोरफड आपल्याला इतकी घरची वाटते, तरी तिचे मूळ घर अरबस्तानात आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथून ती देशोदेशी पसरली व ठिकठिकाणी रुजली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने आपल्या औषधिग्रंथात तिचे वर्णन केले आणि तिचा जखमांसाठी होणारा उपयोग नोंदवला. आपल्याकडे आयुर्वेदात तिला ‘कुमारी’ असे सुंदर नाव आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भाजलेल्या जागेवरील तिच्या उपयोगाचा उल्लेख आढळतो. अलीकडच्या काळात, १९३५ साली, अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी क्ष-किरणांमुळे होरपळलेल्या कातडीवर कोरफडीचे ताजे पान लावून गुण आल्याची हकिकत प्रसिद्ध केली. तेव्हापासून आधुनिक वैद्यकाचेही लक्ष तिच्याकडे वेधले गेले.

परंतु एखाद्या रुग्णाला गुण आला एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. ती जखम औषधावाचूनही बरी झाली नसती कशावरून? म्हणून तुलना करावी लागते. २००९ साली इराणमधील डॉक्टरांनी अशा एका तुलनेची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी ३० रुग्ण निवडले. प्रत्येकाच्या शरीरावर सारख्याच प्रकारे भाजलेल्या दोन जागा होत्या. एका जागेवर कोरफडीचे मलम आणि दुसरीवर रुग्णालयात नेहमी वापरले जाणारे चांदीच्या संयुगाचे मलम लावले. माणूस तोच, अन्न तेच, हवापाणी तेच. फरक केवळ औषधाचा. कोरफडीची जागा सरासरी १६ दिवसांत भरून आली, तर दुसरी १९ दिवसांत. त्यापूर्वी २००७ साली थायलंडमधील अभ्यासकांनी भाजलेल्या ३७१ रुग्णांवरील चार प्रयोग एकत्र तपासले होते. त्यांतही कोरफडीने बरे होण्याचा काळ सुमारे नऊ दिवसांनी कमी झाल्याचे दिसले.

येथेच थांबलो, तर गोष्ट गोड होईल. पण अपुरी राहील. १९९१ साली अमेरिकेतील एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर पोटावरची जखम नीट न भरलेल्या २१ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचाराने त्यांच्या जखमा सरासरी ५३ दिवसांत भरल्या. कोरफडीचा लेप वापरला तेथे मात्र ८३ दिवस लागले. म्हणजे खोल जखमेत कोरफडीने मदत होण्याऐवजी उशीरच झाला. २०१२ साली तज्ज्ञांनी निरनिराळ्या जखमांवरील सात प्रयोग काटेकोरपणे पारखले. त्यांचा निष्कर्ष असा, की जखमांवर कोरफड हमखास गुणकारी आहे असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा अद्याप मिळालेला नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या बहिणीचे मनगट वरवर भाजले होते. तेथे माती नव्हती, खोली नव्हती, जंतूंना लपावयास जागा नव्हती. शिवाय पाण्याने ते आधीच निवले होते. खिळ्याची जखम याच्या उलट. तोंड चिमुकले, पण खोली पुष्कळ. आत माती आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असण्याचे भय. हे जंतू जेथे हवा पोचत नाही तेथेच वाढतात. वरून ठेवलेला गर आतल्या मातीपर्यंत पोचू शकत नाही. उलट झाकलेल्या, घाण राहिलेल्या जखमेत जंतूंचे फावतेच. शिवाय परसातल्या पानावर आणि आपल्या सुरीवरही जंतू असू शकतात. कोरफडीने त्या मुलाला दगा दिला नाही. जे काम तिचे नव्हतेच, ते तिच्यावर सोपवले गेले होते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. भाजले की भाजलेली जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरावी आणि वीस मिनिटे तरी धरून ठेवावी. बर्फ, तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. कातडी केवळ लाल झाली असेल, फाटली नसेल, तर त्यानंतर आजीच्या रीतीने धुऊन व निथळून काढलेला कोरफडीचा स्वच्छ गर लावण्यास हरकत नाही. त्याने खाज किंवा आग होऊ लागली, तर तो तत्काळ धुऊन टाकावा. खरचटले असल्यास जखम प्रथम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी. परंतु जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, मोठा फोड आला किंवा फुटला असेल, तोंड, डोळे वा सांध्याची जागा भाजली असेल, तर घरी उपचार करीत न बसता वडीलधाऱ्यांना सांगून दवाखाना गाठावा. कुत्रे चावले तर जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. तेथे कोणत्याही पाल्याचा उपयोग नाही. धनुर्वाताची लस आपल्या देशात वयाच्या दहाव्या व सोळाव्या वर्षी देतात. ती तुम्ही घेतली आहे का, हे आज घरी अवश्य विचारा.

तो मुलगा बरा होऊन शाळेत परतला, तेव्हा त्याने आपल्या घरची कोरफडीची एक फूट आणली आणि प्रथमोपचाराच्या पेटीजवळच्या खिडकीत कुंडीत लावली. आम्ही तिच्याशेजारी साबणाची वडी व स्वच्छ पाण्याची घागर ठेवली. पुढे कोणी धडपडून आले, की तोच मुलगा त्याला आधी घागरीकडे नेई. कोरफडीकडे बोट दाखवून तो म्हणे, “ती नंतर. आधी जखम धुऊ, मग ती किती खोल आहे ते पाहू.” माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण हे ऐकून ती नक्कीच संतोष पावली असती.

स्वाध्याय

१. आजीने भाजलेल्या हातावर कोणते उपचार कोणत्या क्रमाने केले? त्या प्रत्येकाचे कारण सांगा.
२. बहिणीची जखम आणि मुलाच्या पायाची जखम यांत कोणता फरक होता?
३. इराणमधील डॉक्टरांनी एकाच रुग्णाच्या दोन जागांवर दोन मलमे का लावली?
४. ‘जे काम तिचे नव्हतेच, ते तिच्यावर सोपवले गेले होते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या घरी वापरला जाणारा एखादा घरगुती उपाय वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. तो कोणत्या वेळी वापरू नये, हेही विचारा.