उपासाच्या खिचडीतला जगाचा नकाशा



मधल्या सुट्टीत डबे उघडले की एखादा शेरा आमच्या कानावर पडतोच. "हे काय आणलंस? हे काही आपलं नाही!" कधी तो नूडल्सवर असतो, कधी इडलीवर. म्हणून या वेळी आपण असा पदार्थ अभ्यासाला घेऊ, ज्याला सगळेच 'आपला' म्हणतात. तो म्हणजे साबुदाण्याची खिचडी. एकादशीला ती घरी होते आणि रात्री सराफ्यात एरवीही मिळते.

आता जिन्नस पाहू. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात. तमिळनाडूतील सेलम त्यासाठी प्रसिद्ध आहे. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोकडची. जिरे पश्चिम आशियाच्या बाजूचे. तूप मात्र आपले!

कोलंबस १४९२ साली अमेरिकेकडील बेटांवर पोचला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर युरोपीय जहाजांतून ही पिके हळूहळू आपल्याकडे आली. आपल्या शेजारी 'आलू' म्हणतात आणि आपण घरी 'बटाटा' म्हणतो, तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. म्हणजे आजची खिचडी पाचशे वर्षांपूर्वी कुठल्याच घरात शिजणे शक्य नव्हते. उपासाला धान्य चालत नाही, कंद चालतो. नियम जुनाच राहिला, त्यात नवे जिन्नस सामावले.

इंदुरी पद्धतीची खिचडी (चौघांसाठी)

साहित्य : साबुदाणा २ वाट्या, भाजलेल्या दाण्यांचे कूट १ वाटी, उकडलेले बटाटे २, हिरव्या मिरच्या ४, तूप २ मोठे चमचे, जिरे १ चमचा, मीठ, साखर, लिंबू.

कृती : साबुदाणा दोन-तीनदा धुवावा. वरची सुटी पिठी निघून गेली की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. तो जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात चार-पाच तास भिजवून निथळावा. त्याला कूट, मीठ, साखर लावावी. तुपात जिरे, मिरची, बटाट्याच्या फोडी परतून त्यात मिसळाव्यात. मग पातेले थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून झाकावे. अधूनमधून हलवावे. वाफेने दाणे पारदर्शक झाले की खिचडी तयार. वाढताना लिंबू पिळून वर फराळी मिक्श्चर घालावे. गॅसजवळचे काम मोठ्यांसोबतच करावे.

साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टच असतो, प्रथिने नावापुरती. ती कमतरता दाण्यांचे कूट भरून काढते, म्हणून कुटात काटकसर करू नये.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. आपणही दक्षिणेतून, अठराव्या शतकात होळकरांच्या काळापासून, माळव्यात येत गेलो आणि इथलेच झालो. पोहे-जिलेबी आपली झाली, तशी आपली खिचडी साऱ्या इंदूरची झाली. बाहेरून आलेले आपले व्हायला वेळ लागतो, एवढेच. तेव्हा कुणाच्या डब्याला हसण्याआधी त्यातला एक घास मागून पाहावा.

स्वाध्याय : आज घरी झालेल्या एका भाजीचे जिन्नस लिहा आणि प्रत्येकाचे मूळ स्थान जगाच्या नकाशावर दाखवा. आजीला विचारा, तिच्या लहानपणी यातले काय घरात नव्हते?