शाळेसाठी डिजिटल फळा घेताय? आधी हा खर्च मांडा

लोकवर्गणी जमली, शाळा व्यवस्थापन समितीने होकार दिला. आता विक्रेत्याला फोन करण्याआधी एक काम करा. फळ्याची किंमत बाजूला ठेवा आणि तो पाच वर्षे चालवायला किती लागेल ते कागदावर मांडा.

बाजारात दोन प्रकार मिळतात. प्रोजेक्टर आणि स्पर्शाने चालणारा पांढरा फळा हा संच साधारण ६० हजार ते १ लाखात बसतो. लॅपटॉप वेगळा. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो. वर्गात ऊन आले की चित्र पुसट होते आणि फळ्यापाशी गेलेल्या मुलाची सावली अक्षरांवर पडते. दुसरा प्रकार पॅनेलचा, म्हणजे मोठ्या टीव्हीसारखा. ६५ इंची साधारण ९० हजार ते दीड लाख. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गाला तो पुरतो, ७५ इंचीच्या मोहात पडू नका. प्राथमिक शाळेला पॅनेलच बरे.

खरी मेख दरपत्रकात न लिहिलेल्या गोष्टींत असते. सांगितलेल्या दरात जीएसटी धरलाय का? वाहतूक, भिंतीवर बसवणे, स्टँड? यूपीएस? पॅनेलच्या मागे सरकवायचा संगणक (ओपीएस) बहुतेक वेळा वेगळा विकतात, त्याचे २० ते ४० हजार होतात. शिकवायला पॅनेलमधलेच अँड्रॉइड पुरत असेल तर तो घेऊच नका. वर्गातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. ६५ इंची पॅनेल ४० किलोच्या आसपास भरते, कच्च्या भिंतीवर ते टांगू नका.

‘अभ्यासक्रम मोफत’ असे सांगितले तर विचारा, किती वर्षे? पहिले वर्ष फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, हा नेहमीचा डाव. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये विनामूल्य मिळतात, दीक्षा ॲपही फुकट आहे. निदान पहिले वर्ष तेवढ्यावर काढा.

वॉरंटी किमान तीन वर्षांची मागा, तीही जागेवर येऊन दुरुस्तीची. ‘पॅनेल सेवा केंद्रात आणून द्या’ ही अट असेल तर टेम्पोचे भाडे तुमच्या माथी. काच फुटणे वॉरंटीत धरत नाहीत. इन्फ्रारेड पॅनेलच्या खालच्या कडेला खडूची भुकटी साचली की बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते. कोरड्या मऊ फडक्याने कड रोज पुसा. एवढ्यासाठी मेकॅनिकला भेटीचे पैसे देऊ नका.

दिवसाला चार तास वापरले तर वीज महिन्याला १५ ते २० युनिट लागते. आकडा लहान आहे, पण बिल भरायचे कोणी? समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार, १०० पटापर्यंत २५ हजार आहे. त्यातच बाकीचा सगळा किरकोळ खर्च भागवायचा असतो. ग्रामपंचायत वीजबिल भरणार असेल तर तसा ठराव लेखी घ्या.

कागदपत्रे: समितीचा ठराव, तीन दरपत्रके, शाळेच्या नावाचे जीएसटी बिल, अनुक्रमांक लिहिलेले वॉरंटी कार्ड, डेडस्टॉक नोंदवहीत नोंद. देणगीतून आलेल्या फळ्याचे बिलही शाळेच्याच नावावर करून घ्या, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी देणगीदाराला शोधत फिरावे लागते. पैसे सरकारी अनुदानाचे असतील तर खरेदी जेम पोर्टलवरून करायची की दरपत्रकांवर, हे गटशिक्षण कार्यालयातून लेखी विचारून घ्या.

बसवायला माणूस आला की पहिलीतल्या मुलाला शेजारी उभे करून उंची ठरवा. फळ्याच्या मध्यापर्यंत त्याचा हात पोहोचला पाहिजे. सगळ्या शिक्षकांना शिकवून होईपर्यंत आणि आठवडाभर फळा नीट चालेपर्यंत शेवटचे २० टक्के पैसे देऊ नका, आणि ही अट ऑर्डरवरच लिहा.