संगणकयुगातील नजरबाज

(द्वितीय वर्ष, कला)

शिवकालाचा अभ्यास करताना बहिर्जी नाईकांचे नाव आले नाही असे होत नाही. सुरतेत किती संपत्ती आहे याची खबर त्यांनी आणली आणि १६६४ साली महाराजांची स्वारी तिकडे गेली. पण खबर आणणे हे निम्मेच काम. ती ऐकणारा, पारखणारा आणि घोडी कधी निघायची ते ठरवणारा कोणीतरी गडावर असावा लागतो. आज संगणकाच्या क्षेत्रात धोक्यांची गुप्तवार्ता म्हणून जी विद्या उदयास आली आहे तिचे मर्मही हेच, असे मला वाटते. फरक इतकाच की हे नवे नजरबाज स्वारीसाठी नव्हे, बचावासाठी असतात.

चोर कोण आहे, त्याचा डोळा कोणावर आहे, तो कोणत्या वाटेने येतो आणि कोणती हत्यारे बाळगतो, हे तो येण्यापूर्वी समजून घेणे म्हणजे ही विद्या. माहिती अनेक ठिकाणांहून मिळते : आधी लुटल्या गेलेल्या संस्थांच्या संगणकातील नोंदी, हाती लागलेल्या घातक प्रोग्रामची चिरफाड, चोरलेली कार्डे विकली जातात ते महाजालावरील चोरबाजार. आम्ही पडलो कला शाखेचे; त्या चिरफाडीतले आम्हाला फारसे कळणार नाही. पण तिचा उपयोग कसा होतो किंवा होत नाही, हे कळायला पुण्यातील एक प्रकरण पुरेसे आहे.

१९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, संगणकी दरोडा पडला. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतःहून पैसे देत नाही. ते 'स्विच' नावाच्या मधल्या संगणकाला विचारते, स्विच बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो आणि तिने होकार दिला तरच नोटा बाहेर येतात. चोरांनी या साखळीत आपला खोटा स्विच बसवला. प्रश्न मुख्य खातेवहीपर्यंत पोचेचना. खोटा स्विचच परस्पर 'द्या' म्हणून सांगू लागला. मग बनावट कार्डे घेतलेली माणसे २८ देशांतील एटीएमपुढे उभी राहिली. अवघ्या काही तासांत १४ हजारांहून अधिक व्यवहार झाले. परदेशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये निघाले. त्यात आपल्या कोल्हापुरातील एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे गेला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. दरोड्याच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा धाडला होता. येत्या काही दिवसांत जगभरातील एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसले जाण्याची शक्यता आहे. बहुधा कार्ड देणाऱ्या कोणा अज्ञात संस्थेत आधीच शिरकाव झाला आहे, असा त्याचा आशय होता. यापूर्वी असे बळी छोट्या व मध्यम संस्थांतून गेले, हेही त्यात होते. म्हणजे खबर खरी होती! पण तिच्यात बँकेचे नाव नव्हते. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या जगाला ती कळली १२ तारखेला, तोवर शनिवार उलटून गेला होता.

बिननावाची खबर निरुपयोगी असते का? मला तसे वाटत नाही. एफबीआयने उपायही सुचवले होते. पैसे काढण्याची मर्यादा वाढवायची तर दोन अधिकाऱ्यांची संमती घ्यावी, संगणकांची सर्वाधिकार असलेली खाती कोण वापरतो यावर नजर ठेवावी, असे ते साधे उपाय होते. गावात दरोडेखोर फिरत आहेत एवढे कळले, तरी ज्याला त्याला आपली कडी पाहता येतेच. मात्र अशा चोऱ्या मुद्दाम शनिवारी, बँका बंद होण्याच्या सुमारास सुरू होतात. त्या वेळी कडी पाहायला माणूस नेमलेला हवा.

कोणती खबर किती टिकते याचाही विचार झालेला आहे. डेव्हिड बियांको या अभ्यासकाने २०१३ साली 'वेदनांचा पिरॅमिड' मांडला. घातक प्रोग्रामचा ठसा ही सर्वांत तळाची खबर. प्रोग्रामात एक अक्षर बदलले की ठसा बदलतो. संगणकाचा पत्ता त्याच्या वरचा, पण तोही गाडीच्या नंबरपाटीसारखा बदलता येतो. शिखरावर असते चोराची रीत. सदरा बदलणे सोपे, चाल बदलणे कठीण. एटीएम लुटणाऱ्यांची रीतही ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने उघड केली. २०१७ साली तीसहून अधिक देशांत आणि २०१८ साली २३ देशांत एकाच वेळी पैसे काढले गेल्याचे त्यात नमूद होते. ही माहिती आली कुठून? जे लुटले गेले त्यांनी आपल्या नोंदी दाखवल्या म्हणून. आपल्याकडे मात्र बँक लुटली गेली की पहिली काळजी अब्रूची. कदाचित म्हणूनच २०२२ साली सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला, असा प्रकार ध्यानी आल्यापासून सहा तासांत कळवलेच पाहिजे, असा आदेश काढावा लागला.

रिझर्व्ह बँकेनेही १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी किमान सुरक्षेची चौकट घालून दिली. परंतु आमच्यासारख्यांच्या घरचे पैसे बँकेत असतातच असे नाही. माझ्या आईच्या बचत गटाचे आणि वडिलांच्या पिकाचे पैसे गावच्या पतसंस्थेत आहेत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. सर्ट-इनच्या सूचना फुकट मिळतात, पण इंग्रजीत, तेही संगणकतज्ज्ञांच्या इंग्रजीत. हा लेख लिहिताना मी तिथल्या सचिवांना विचारले की अशा सूचना कोण वाचतो. त्यांनी मला चहा पाजला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "बाळ, पत्र आलं की आम्ही ते फाइलला लावतो. मराठीत कोणी लिहून दिलं तर सोमवारच्या सभेत वाचून दाखवू." संगणकशास्त्र विभागातील दोन मित्रांना मी ते सांगितले आहे. पहिली सूचना आम्ही तिघे मिळून मराठीत उतरवीत आहोत. 'सर्वाधिकार खाते' हा शब्द सभेला कळेल की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.